निजवलेला विस्तव

"विस्तवावर पाणी कधी घालायचं नाही, हो. तो चर्र करून ओरडतो, ते घराला बरं नव्हे. त्याला..."

माईंचं वाक्य तिथंच राहिलं. गोठ्यात गाय हंबरली. ती विण्याच्या बेतात होती. माई लुगड्याचा ओचा खोचत मागल्या दारानं धावल्या. मी नवी सून, चुलीसमोर उकिडवी बसलेली. सासूबाईंनी मला सांगितलेली ती पहिली गोष्ट, म्हणून मी ती जपून ठेवली. पुढं वासरू झालं, घरोघरी खरवस गेला, आणि अर्धं राहिलेलं वाक्य विचारायचं राहूनच गेलं. त्याच वर्षी घरात गॅस आला. चूल उरली ती न्हाणीघरात, आंघोळीचं पाणी तापवण्यापुरती. तिच्यातला विस्तव मी आपोआप जळून जाऊ देत असे. पाण्याचा थेंब म्हणून कधी घातला नाही.

नेमांची मला पहिल्यापासून आवड. सकाळी गोठ्याच्या उंबऱ्याशी रांगोळी, पहिल्या भाताचा घास गाईला, तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा. चातुर्मासात मौनानं जेवण. पानावर बसलं की उठेपर्यंत अवाक्षर नाही, हुंकारसुद्धा नाही. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, एका आश्विनात, त्या मौनानंच सगळा घोटाळा केला.

दुपारची वेळ होती. मी मागल्या पडवीत जेवायला बसले होते आणि शेजारचे विसूभाऊ लिमये आले.

विसूभाऊंना तुम्ही पाहायला हवं होतं. आमच्या किनाऱ्यावरच्या गावात पुरुष माणसं बाराही महिने पंचा नेसून वाडीत वावरतात. हा माणूस मात्र इस्त्रीचा सदरा घालून आणि कानात अत्तराचा फाया ठेवून माडांना शिंपणं करायला उभा राहायचा. म्हणजे शिंपायचा गडी, हे नुसते उभे. बाजारातून येताना भाजीची पिशवी शैलावहिनींच्या हातात आणि विसूभाऊ चार पावलं पुढं. मनानं मात्र मोकळे. त्या वर्षी त्यांनी घराच्या मागल्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. खिडक्यांना निळे पडदे शैलावहिनींनी स्वतः शिवलेले. आणि त्या निळ्या पडद्यांच्या बरोब्बर समोर आमची गायरी.

गायरी म्हणजे गोठ्यातलं शेण, मूत, झाडांचा वाळका पातेरा टाकून खत कुजवायचा खड्डा. गोठा आमचा, पण त्याच्या मागचा तो तुकडा लिमयांचा. त्यांच्या वडिलांनी आमच्या मामंजींना 'वापरा' म्हटलं आणि आम्ही वापरत आलो.

"जेवा, जेवा, वहिनी. मी दोनच शब्द बोलून जातो," विसूभाऊ पायरीशीच उभे राहून म्हणाले. "काल पुण्याची मंडळी आली होती. खिडकी उघडली मात्र, त्या बाई नाकाला पदर लावून विचारतात, इथं काही मेलंय का हो? मुलांचे डोळे चुरचुरायला लागले. चहासुद्धा न घेता गेली हो माणसं! शैला दिवसभर रडत होती."

मी हात वर केला. म्हणजे, जरा थांबा, जेवण होऊ दे.

"नाही, तुमचं बरोबर आहे, गुरं म्हटली की वास आलाच. मी इतकी वर्षं कधी बोललो का? पण हंगाम आता तोंडावर आलाय. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गायरी तिथून हलवाल ना?"

मी हात तसाच धरून झोपाळ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे, बसा, बसा.

"झालं तर!" विसूभाऊंचा चेहरा उजळला. "मी शैलाला म्हटलंच होतं, वहिनी नाही म्हणायच्या नाहीत. केवढं मोठं मन हो तुमचं!"

आणि मी पानावरून उठायच्या आत स्वारी पसार. संध्याकाळी देवळात गेले तर जी ती बाई माझ्या मोठ्या मनाबद्दल बोलत होती.

घरी आमचे हे पोट धरधरून हसले. "न बोलता शब्द देणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली!" मग हसू हळूहळू ओसरलं. "पण हलवायची कुठं गो?"

तेच तर. पुढल्या अंगणात विहीर. डाव्या हाताला उतार, तोही विहिरीकडेच. गायरी ठेवायला तेवढी एकच जागा होती. गायरी नाही तर गोठा नाही, आणि गोठा नाही तर तांबू नाही. तांबू म्हणजे त्या वेळची आमची गाय. माईंचं वाक्य जिनं तोडलं, तिचीच नात. मी घास घेऊन गेले की आधी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवायची, मग भाताकडे पाहायची. ह्यांचे एक चुलतभाऊ घाटावर राहत होते. तांबूला त्यांच्याकडे धाडायचं, असं हे दुसऱ्या दिवशी हळूच बोलून गेले.

"नाहीतर विसूभाऊंना जाऊन सांग, मौन होतं म्हणून."

"सांगेन. पण त्या मुलांचे डोळे चुरचुरले, शैलावहिनी रडल्या, ते खोटं आहे का?" मी म्हटलं. "जागा त्यांची, म्हणणंही त्यांचं रास्त. मला एकदा वास घालवून बघू दे. नाहीच जमलं तर शब्द पाळायचा."

दिवाळीच्या सुट्टीत केतकी आली. ही माझ्या नणंदेची मुलगी. शेतकी कॉलेजात शिकायची, आणि बोलायला लागली की झोपाळ्याच्या कड्यासुद्धा तिच्यापुढं गप्प. आल्या आल्या गायरीच्या कडेला वाकून तिनं लांब श्वास घेतला आणि डोळे पुसले.

"मामी, हे नाकाला झोंबतंय ना, ते काय आहे ठाऊक आहे? माडाचं जेवण."

"काय?"

"शेणामुतातलं नत्र. झाडाला हवं असतं ते. त्याचा वायू होतो आणि उडून जातो. तोच हा वास. जेवढा वास येतोय, तेवढं खत वाऱ्यावर चाललंय."

"म्हणजे," हे म्हणाले, "आमचे माड राहिले उपाशी, आणि विसूभाऊंचे पाहुणे जेवून गेले!"

"त्याला धरून ठेवायला कोळसा लागतो, मामा. साधा नव्हे. हवा कोंडून, बेतानं केलेला. त्याच्या अंगभर इतकी बारीक भोकं असतात की हे सगळं त्यात अडकून राहतं. गोठ्यात पसरायचा, गायरीत थरावर थर घालायचा. आम्ही त्याला बायोचार म्हणतो."

"कोळसा म्हण की सरळ," माई झोपाळ्यावरून म्हणाल्या.

पडवीत करवंट्यांचा ढीग होता, पोफळीच्या वाळक्या झावळ्या होत्या. केतकीनं वाडीच्या कोपऱ्यात खड्डा खणून घेतला, तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद. करवंट्या पेटल्या. खालच्या लाल झाल्या की वर आणखी घालायच्या, मग आणखी. शेवटी खड्डा तोंडापर्यंत निखाऱ्यांनी भरला. संध्याकाळच्या उजेडात तो फार सुंदर दिसत होता. मी हात जोडले. आणि पाहते तर केतकी पाण्याची बादली घेऊन उभी.

"हे काय गो?"

"आता विझवायचा, मामी. नाहीतर राख होईल."

"पाणी नाही घालायचं."

"म्हणजे?"

"विस्तवावर पाणी घालायचं नाही. आपल्या घरात घालत नाहीत."

केतकीनं मामाकडे पाहिलं. हे पुढं झाले. "आण इकडे, मी घालतो. तू डोळे मीट."

"डोळे मिटले म्हणून ऐकू यायचं राहील का?"

मी काही जोरात बोलले नव्हते. मला जोरात बोलता येतच नाही. पण ह्यांनी बादली खाली ठेवली. त्या दिवशी माई देवळात कीर्तनाला गेल्या होत्या, नाहीतर पुढचं सगळं टळलं असतं.

विस्तव त्याच्या मर्जीनं जळत राहिला. सकाळी खड्ड्यात नुसती पांढरी, मऊ राख.

"राख काय वाईट?" हे म्हणाले. "माडांना आपण घालतोच की. टाकू गायरीवर."

केतकी अजून अंथरुणात होती. आम्ही दोघांनी हौसेनं टोपल्या भरभरून राख गायरीवर पसरली आणि उरलेली गोठ्यात टाकली. ऊन वर आलं आणि गायरीनं असा काही वास सोडला, की तांबू लागोपाठ शिंकायला लागली. समोरचे निळे पडदे फटाफट बंद झाले. केतकी केस न विंचरताच धावत आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"मामा! राखेत खार असतो हो! कोळसा त्या वायूला धरून ठेवतो आणि राख त्याला हाकलून लावते. तुम्ही तर त्याला घराबाहेर काढून वर टाटा केलंत!"

दुसऱ्या दिवशी पहाटे काकडआरतीला विसूभाऊ नाकावर रुमाल धरूनच आले.

"वहिनी, गायरी निघायच्या आधी आम्हाला निरोपाची मेजवानी दिलीत वाटतं!"

देऊळभर हसू पिकलं. मीही हसले. मग म्हटलं, "विसूभाऊ, अजून पौर्णिमा यायची आहे. तोवर वास गेला, तर राहू द्याल का गायरी?"

"वास गेला तर? तो कसा जाईल हो?"

"गेला तर."

"गेला तर राहू दे की जन्मभर!" विसूभाऊ रंगात आले. रुमाल खाली घेऊन त्यांनी गाभाऱ्याकडे तोंड केलं. "आणि वर सांगतो, देवासमोर उभा राहून सांगतो, त्या गायरीतला खताचा पहिला हारा, अख्खी टोपली भरून, मी स्वतः डोक्यावरून तुमच्या वाडीत नेईन."

"अहो, कोथिंबिरीची जुडी उचलत नाही तुम्ही!" शैलावहिनी मागून म्हणाल्या, आणि टाळांपेक्षा हसण्याचाच आवाज मोठा झाला.

घरी येताना मला मात्र हसू येईना. पौर्णिमा जवळ येत चालली होती. केतकी माझ्या मागं मागं. "मामी, एकदाच. फक्त एक बादली. देवाला मी सांगते हवं तर." गोठ्यात गेले, तर तांबूनं खांद्यावर हनुवटी टेकवली. घास नव्हता हातात, तरी टेकवली.

त्या संध्याकाळी खड्डा पुन्हा पेटला. करवंट्या लाल झाल्या. मी विहिरीवरून स्वतः कळशी भरून आणली. माझा नेम, तेव्हा मोडायचा तर माझ्याच हातानं मोडायचा, दुसऱ्याच्या माथी का मारायचा? कळशी उचलून मी खड्ड्याच्या कडेशी उभी राहिले. डोळ्यांना धूर लागत होता, असं मी केतकीला सांगितलं.

"अगो, हे काय करतेस?"

मागं काठी टेकत माई उभ्या.

"विस्तवावर पाणी घालतेय, माई. तुमचा शब्द मोडतेय. मला क्षमा करा."

"पाणी? पाणी कशाला घालतेस? निजव की त्याला."

मी कळशी खाली ठेवली. "निजव म्हणजे?"

"निजव म्हणजे निजव. तुला सांगितलं नव्हतं का, आलीस त्याच वर्षी?"

"तुम्ही सांगितलंत, पाणी घालायचं नाही. तेवढंच."

"तेवढंच? आणि पुढचं?"

"पुढं गाय हंबरली."

माई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना एक हिसका बसला, मग दुसरा, आणि त्या काठीवर ओणव्या होऊन अशा हसायला लागल्या, की केतकीनं धावत जाऊन त्यांना धरलं. "म्हणजे इतकी वर्षं... न्हाणीतला विस्तव... तू तसाच जळू देतेस? आणि मी म्हणत्ये, ह्या घरात करवंट्या एवढ्या संपतात कशा!"

"पण निजवायचा कसा, आजी?" केतकीचे डोळे लकाकत होते.

"पोराला निजवतात तसा. पांघरूण घालायचं आणि वारा लागू द्यायचा नाही. चुलीत आम्ही निखारे राखेत पुरून ठेवत असू. हा एवढा थोरला आहे, ह्याला पांघरूणही थोरलं हवं."

केतकी उडीच मारायची राहिली. "हवा तोडायची! पाण्यानं तोडा नाहीतर मातीनं तोडा, तुटल्याशी कारण! कॉलेजात पाण्यानंच विझवतात, म्हणून मी बादलीच धरून बसले."

मग काय धावपळ उडाली! ह्यांनी केळीची हिरवी पानं कापून आणली, मी विहिरीकाठची ओली माती टोपलीनं वाहिली. केव्हा झाकायचं ते केतकी सांगत होती. "अजून नाही, अजून नाही... वरच्या करवंट्यांवर पांढरी साय धरू दे... आता!" पानांचे थर पडले, त्यावर माती. माई कडेला पाटावर बसून काठीनं दाखवत होत्या. "तिथून धूर निघतोय बघ. लिंपून टाक. इथंही. हं, आता कूस बदलायचा नाही." शेवटची धुराची रेघ बंद झाली तेव्हा आम्ही चौघंही आपोआप हळू बोलायला लागलो होतो, घरात तान्हं निजलेलं असावं तसं.

दुसऱ्या दिवशी केतकी सकाळपासून उघडायची घाई करत होती. माई मातीवर पालथा हात ठेवायच्या, ताप बघतात तसा, आणि म्हणायच्या, "अजून अंग गरम आहे. आत्ता उठवलास तर भडकेल." संध्याकाळी त्यांनी मान हलवली. माती बाजूला केली, पानांचा काळा पापुद्रा निघाला, आणि खाली करवंट्या होत्या तशाच, करवंट्यांच्याच आकाराच्या, पण काळ्याभोर. एक उचलून दुसरीवर आपटली तर काचेच्या बांगडीसारखी किणकिणली.

आम्ही त्यांचा चुरा केला. तांबूच्या पायाखाली पसरला, मूत वाहून जातं त्या पन्हळीत घातला, गायरीतली वरची राख खरवडून काढून तिथं जाड थर दिला.

"मामी, हे रोज करायला हवं हं. शेण टाकलं की वर कोळसा. एक दिवस चुकायचं नाही."

"केतकी," मी म्हटलं, "दुसरं काहीही शिकव. रोजचं मला शिकवू नकोस."

रांगोळी झाली की गोठ्यात कोळसा, गायरीवर कोळसा. नेमात नेम मिसळून गेला. करवंट्या संपल्या तशा आळीतल्या बायका आपापल्या पाठवायला लागल्या. वास काही एका दिवसात गेला नाही. आधी डोळ्यांची चुरचुर थांबली. मग एका सकाळी माझ्या ध्यानात आलं, की मी गोठ्याशी वाकून रांगोळी काढतेय आणि मला प्राजक्ताचा वास येतोय.

त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी मी गोठ्याच्या दारात पणती ठेवत होते. लिमयांकडे नाशिकच्या दोघी वयस्क बहिणी उतरल्या होत्या. दीपमाळ बघायला विसूभाऊ त्यांना मागल्या वाटेनं देवळात नेत होते. मागली वाट म्हणजे गायरीच्या दगडी गडग्याला लागून. त्यातली थोरली बहीण नेमकी तिथंच थांबली आणि गडग्यावर दोन्ही कोपरं टेकवून उभी राहिली. माझ्या हातातली काडी विझली.

"विसूभाऊ, गाय हंबरली ना आत्ता? कुणाची हो? दर्शन होईल का तिचं?" मग आजूबाजूला पाहत म्हणाली, "काय छान वाटतं इथं! पावसात भिजलेल्या मातीसारखा कसा वास येतोय!"

विसूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, गायरीकडे पाहिलं. मग कानातला अत्तराचा फाया काढून खिशात टाकला आणि मान पुढं करून नीट वास घेतला. एकदा घेतला. सरकून दुसऱ्या बाजूनं घेतला. माझी नि त्यांची नजरानजर झाली.

"दिवे लागले असतील," ते म्हणाले. "चला."

गायरी तिथंच राहिली. तांबूही राहिली. ह्यांनी घाटावरच्या चुलतभावांना 'आता नको' म्हणून कळवून टाकलं. केतकी कॉलेजात परत गेली. देवळातलं ते बोलणं सगळे विसरले. थट्टेतला शब्द तो, मीही कधी काढला नाही. चातुर्मास संपला होता, तरी मी बोलले नाही.

फाल्गुनात गायरी उपसायला काढली. एरवी ती चिकट आणि पिवळट निघायची. ह्या खेपेला काळी, रवाळ, हातात घेतली तर चाळलेल्या मातीसारखी मोकळी. दुसऱ्या दिवशी गडी यायचा होता. ह्यांनी हौसेनं पहिला हारा आदल्या संध्याकाळीच भरून गायरीच्या कडेला ठेवला होता.

सकाळी मी गोठ्याच्या उंबऱ्याशी रांगोळी काढत होते. आधी वास आला, तो अत्तराचा. मान वर केली तर विसूभाऊ. कंबरेला पंचा, अंग उघडं, पायांत काही नाही. जन्मात कधी मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. लग्नाकार्यात खांद्यावर घ्यायचं जरीकाठी उपरणं पिळून पिळून त्यांनी त्याची चुंबळ केली होती आणि ती डोक्यावर बसवलेली होती, जरा तिरकीच. त्यांनी एकदा मागं वळून आपल्या घराकडे पाहिलं. निळे पडदे बंद होते.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "जरा हात लावता का?"

मी रांगोळीचा हात झटकला. दोघांनी मिळून हारा उचलला आणि चुंबळीवर ठेवला. विसूभाऊंचे गुडघे लवले, मान आत गेली, पुन्हा वर आली. थोडं खत कपाळावर सांडलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"कुठल्या माडाला?"

त्या दिवशी माझं मौन नव्हतं. तरी मी नुसता हात वर केला आणि विहिरीपलीकडच्या थोरल्या माडाकडे दाखवलं. ह्या खेपेला माझा हात त्यांना बरोबर कळला. एका हातानं हारा सावरत, दुसऱ्यानं पंचा आवरत, अनवाणी पावलं जपून टाकत, विसूभाऊ पोफळींच्या रांगेतून वाडीत निघाले.